त्या क्लासची माय कोण?

"काय गं, रात्री दोन वाजेपर्यंत तुह्या खोलीतला लाइट जळत होता. बरं आहे ना सारं?"

काकूंच्या 'बरं आहे ना'ला 'हो' हे उत्तर चालत नाही. त्यांना लाइट का जळत होता ते हवं असतं. म्हणून मी आढेवेढे न घेता सांगून टाकलं, "एका राइस मिलवाल्याची जुनी वेबसाइट गळ्यात पडली आहे जी. धान किती आलं, भरडाईतून तांदूळ किती निघाला, बारदाना किती परत गेला, सारा हिशेब तिच्यावर. ज्या मुलानं ती बनवली तो सोडून गेला आणि जाताना लिहून काही ठेवलं नाही."

"कोणता पोट्टा?"

"तो नाही का, मागच्या गल्लीतला. उंच, चष्मेवाला."

"अगं बापा! थो तर पुण्याले गेला. दिवाळीलेबी आला नाही म्हणते. त्याच्या मायनं डबा भरून चकल्या पाठवल्या, त्याचा साधा फोन नाही." काकूंनी लाखोरीच्या भाजीची परडी कुंपणाच्या भिंतीवर ठेवली. परडी भिंतीवर आली की समजायचं, आता अर्धा तास नक्की. "मंग तू आता का करून राहिली?"

"चौकशी."

हा शब्द मी जपून वापरायला हवा होता. काकूंनी पदर खोचला.

मी सांगायला लागले. प्रोग्रामचे त्या मुलानं तुकडे पाडलेत, एकेका तुकड्याला क्लास म्हणतात. 'माल' नावाचा एक क्लास, त्याच्या पोटी 'धान' आणि 'तांदूळ', शिवाय 'व्यवहार' नावाचा एक भलामोठा. प्रत्येकाकडे थोडी माहिती आणि थोडी कामं. माहिती म्हणजे वजन, ओलावा, दर. कामं म्हणजे तोल, बारदाना वजा कर, पावती छाप.

"नावं मराठीतच ठेवली का त्यानं?"

"हो ना! साइट पीएचपी या भाषेत लिहिली आहे, तिच्यात चालतं ते." आणि खरंच चालतं. पीएचपीच्या नियमात नावाच्या सुरुवातीला इंग्रजी अक्षर, अंडरस्कोअर किंवा साध्या इंग्रजी लिपीपलीकडची कुठलीही बाइट चालते, आणि पुढेही या सगळ्यांना मुभा आहे. देवनागरी अक्षर, काना, मात्रा, सगळं त्यात बसतं. त्यामुळे 'धान' नावाचा क्लास कुठलीही कुरकुर न करता चालतो. त्या मुलाच्या बाकी कारभाराबद्दल माझं मत चांगलं नाही, पण या एका गोष्टीसाठी त्याला माफ करावंसं वाटतं.

"बरं, मग चौकशी कोणाची करते? पोट्ट्याची का क्लासची?"

"क्लासची. आणि क्लासलाच विचारून. काकू, तुमच्याकडे एखाद्या पोरीचं स्थळ आलं तर तुम्ही काय काय विचारता?"

काकू बोटं मोडत सुरू झाल्या. "माय-बाप कोण. राहाते कोठे, कोणत्या गल्लीत. घरात माणसं किती. पोरीले का का येते. कोणाकोणाशी सोयरीक. अन् घरच्या आतल्या गोष्टी, त्या मंग शेजारच्याले विचाराच्या."

"बस्स. पीएचपीत रिफ्लेक्शन म्हणून सोय आहे, तिच्यातून मी क्लासला हेच विचारते. रिफ्लेक्शनक्लास नावाचा एक तयार क्लास असतो. त्याच्या हातात 'धान' हे नाव ठेवायचं आणि विचारायला लागायचं. गेट-पॅरेंट-क्लास म्हटलं की माय कोण ते कळतं. गेट-इंटरफेसेस म्हटलं की कोणाकोणाला शब्द दिलाय ते. गेट-मेथड्स म्हटलं की काय काय येतं ते. गेट-फाइल-नेम आणि गेट-स्टार्ट-लाइन म्हटलं की घर कुठे आणि कितव्या ओळीवर."

"अन् थे खरं सांगते?"

"क्लासला खोटं बोलता येत नाही जी."

"हे बरं आहे. माणसात असं असतं तर अर्धी लग्नं मोडली असती."

नवे लोक या चौकशीत गेट-मेथड्सपासून सुरुवात करतात. कामांची लांबलचक यादी समोर आली की काहीतरी हाती लागल्यासारखं वाटतं. मी मात्र आधी पत्ता विचारते. जुन्या साइटवर एकाच नावाचा क्लास दोन-दोन फोल्डरमध्ये पडलेला असतो. कोणीतरी कधीतरी 'जुना' असं नाव देऊन ठेवलेली प्रत, कोणीतरी तिच्यातच केलेली दुरुस्ती. तुम्ही एक फाइल उघडून तासभर डोकं फोडता आणि साइट दुसरीच वाचत असते. चालू प्रोग्रामला विचारलं तर तो त्या घडीला खरोखर वापरात असलेल्या क्लासचाच पत्ता देतो. हा एक प्रश्न आधी विचारला तर पुढची अर्धी कटकट वाचते, पण शिकवताना कोणी तो आधी शिकवत नाही.

एवढ्यात गुरुजी वर्तमानपत्राची घडी काखेत मारून रस्त्यानं चालले होते, ते थांबले. निवृत्त शिक्षक कुंपणाजवळून थांबल्याशिवाय जात नाही.

"कोणाचं स्थळ?"

"क्लासचं," काकू म्हणाल्या. "हिच्या कम्प्युटरमधल्या. माय सापडली, आता आतल्या गोष्टी काढून राहिलो."

"आतल्या गोष्टी काढता येतात का पण?" मीच विचारलं, कारण सांगायची घाई झाली होती. क्लासमध्ये काही गोष्टी प्रायव्हेट असतात. बाहेरच्यानं त्यांना हात लावायचा नाही असा नियम. पण रिफ्लेक्शनवाल्याला तो नियम आडवा येत नाही. पूर्वी सेट-ॲक्सेसिबल म्हणून आधी कुलूप काढावं लागायचं. नोव्हेंबर 2021 मध्ये पीएचपी 8.1 आलं आणि तेही गेलं. आता रिफ्लेक्शनमधून विचारलं की प्रायव्हेट गोष्ट थेट समोर. एक अडचण तेवढी आहे. मायची खाजगी माहिती लेकीच्या यादीत येत नाही. 'धान'ला विचारलं तर 'माल'ची प्रायव्हेट माहिती दिसणार नाही, त्यासाठी 'माल'लाच गाठावं लागतं.

"ठीकच आहे," काकू म्हणाल्या. "मायच्या पेटीत का आहे, थे पोरीले कुठून माहीत असणार?"

"पण दार उघडं दिसलं म्हणून आत शिरायचं, हे बरोबर नाही," गुरुजी.

इथं मी गुरुजींच्या बाजूची. चाचणी लिहिताना किंवा गोंधळ शोधताना आतलं वाचून बघावं. बघून गप्प बसावं. पण चालू साइटच्या रोजच्या कामात दुसऱ्याच्या प्रायव्हेट वजनात बाहेरून आकडा घुसवणारा प्रोग्राम मला दिसला, की त्या माणसाला मिलच्या गोदामात उभं करून बारदाना मोजायला लावावंसं वाटतं. 'धान'मधलं वजन प्रायव्हेट ठेवलं ते 'तोल' या कामातूनच बदलावं म्हणून. बाहेरून बदललं की बारदाना वजा होत नाही, ओलाव्याची तपासणी होत नाही, आणि महिन्याच्या शेवटी गोदाम एक सांगतं, साइट दुसरं. जावावाले याबाबतीत उलट दिशेनं गेले. तिथे पूर्वी असं आत शिरणं सोपं होतं. 2017 मध्ये जावा 9 मध्ये मॉड्यूल आले, 2021 मध्ये जावा 16 नं तर जावाच्या स्वतःच्या आतल्या भागांवर कुलूपच घातलं. ज्याला शिरायचं त्यानं सुरू करतानाच तशी परवानगी लिहून द्यायची. एका भाषेनं कुलूप काढलं, दुसरीनं लावलं, साल तेच.

"पण हे खूळ कधीपासूनचं?" गुरुजींनी विचारलं. त्यांना सनावळी लागते, त्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही.

"विचार जुना आहे. प्रोग्रामनं स्वतःकडे बघावं, स्वतःचा हिशेब स्वतः मांडावा, यावर ब्रायन कँटवेल स्मिथ या माणसानं 1982 मध्ये एमआयटीत प्रबंध लिहिला, लिस्प भाषा घेऊन. रोजच्या कामाच्या भाषांत यायला वेळ लागला. जावात 1997 साली आलं. पीएचपीत 13 जुलै 2004 ला पाचवी आवृत्ती निघाली, तिच्यासोबत."

"म्हणजे जावात आलं तेव्हा आपला जिल्हासुद्धा भंडाऱ्यातून वेगळा झाला नव्हता. तो झाला 1 मे 1999 ला."

"तेव्हा आम्ही कागदासाठी भंडाऱ्याले जात होतो," काकू म्हणाल्या, आणि मग एका दाखल्यासाठी भंडाऱ्याच्या किती चकरा पडल्या, कोणत्या बाबूनं चहा पाजल्याशिवाय कागद पुढे सरकवला नाही, त्या बाबूच्या पोराचं पुढे काय झालं, हे सगळं सांगून झालं. ते मी इथं गाळते. बाबूचे नातेवाईक इथंच राहतात.

गुरुजींना मात्र मूळ मुद्दा सोडवत नव्हता. "पण तुझ्यासारख्या चौकस बाईशिवाय हे लागतं कोणाला?"

चांगला प्रश्न, आणि त्याचं उत्तर फार लोकांना माहीत नसतं. रिफ्लेक्शन सगळ्यात जास्त वापरतात ते फ्रेमवर्क, म्हणजे साइट उभी करायचे तयार सांगाडे, आणि ते वापरणाऱ्याला त्याचा पत्ताही नसतो. या जुनीच्या जागी नवी साइट मी लारावेल नावाच्या फ्रेमवर्कमध्ये करते आहे. लारावेल टेलर ऑटवेलनं 2011 मध्ये काढलं. त्यात मी एवढंच लिहिते की 'व्यवहार' तयार करायला एक 'वजनकाटा' हवा आणि एक 'दरपत्रक' हवं. ते कुठून आणायचे हे मी कुठेही सांगत नाही. लारावेलचा कंटेनर, म्हणजे लागेल ते बनवून देणारा त्याचा भाग, रिफ्लेक्शन लावून 'व्यवहार'च्या कन्स्ट्रक्टरला, म्हणजे तो तयार होताना चालणाऱ्या कामाला, विचारतो, बाबा रे, तुला काय काय लागतं? तो दोन प्रकार सांगतो. मग कंटेनर 'वजनकाटा'कडे जातो, त्याच्या कन्स्ट्रक्टरला विचारतो, त्याला जे लागतं ते आधी बनवतो. असं खाली खाली जात, ज्याला काही लागत नाही तिथपर्यंत पोहोचतो आणि मग एकेक करत वर येतो. मध्येच एखाद्यानं 'मला एक आकडा हवा' असं म्हटलं आणि कोणता ते सांगितलं नाही, तर कंटेनर तिथेच अडून बसतो आणि तक्रार नोंदवतो. आकडा तो कुठून आणणार? क्लासचं नाव असतं तर बनवला असता.

"एवढी विचारपूस दर वेळी?" गुरुजी.

"दर वेळी केली तर वेळ जातोच. म्हणून सिम्फनी या दुसऱ्या फ्रेमवर्कवाले ही विचारपूस आधीच उरकून, उत्तरं पक्की लिहून ठेवतात. साइट चालताना पुन्हा विचारत बसत नाहीत."

गुरुजींना आता भाच्याची आठवण झाली. भाचा पवईला आयआयटीत होता. तो सांगायचा, प्रोग्राम न चालवताच नुसता वाचून त्याच्यात कोणती माहिती कुठून कुठे वाहते त्याचा माग काढता येतो. मी म्हटलं, ते खरंच आहे, आणि त्यात आपल्याकडची माणसं मोठी आहेत. उदय खेडकर, अमिताभ सन्याल आणि बागेश्री करकरे यांचं डेटा फ्लो ॲनालिसिसवरचं पुस्तक 2009 मध्ये निघालं. पुण्यात टाटांनी 1981 मध्ये टीआरडीडीसी ही संशोधन संस्था काढली, तिथेही जुने प्रोग्राम वाचून त्यांचा अर्थ लावायची साधनं बनली.

"मंग तू वाचत का नाही? विचारते काऊन?" काकूंचा प्रश्न रोखठोक.

कारण दोन्हींचं काम वेगळं आहे. वाचणाऱ्या साधनाला प्रत्येक वाट दिसते, कधी न चालणारी वाटसुद्धा. पण पीएचपीत क्लासचं नाव चालता चालता जोडून तयार करता येतं, अर्धं डेटाबेसातून आणि अर्धं पानावरून. ते नाव शेवटी काय झालं हे नुसतं वाचून नक्की सांगणं अवघड, चालू प्रोग्रामला विचारलं तर तो लगेच सांगतो. उलट रिफ्लेक्शनला कामाच्या पोटातलं काही कळत नाही. 'तोल' या कामाला काय काय द्यावं लागतं, ते कुठल्या प्रकारचं, दिलं नाही तर काय धरायचं, कुठून कुठपर्यंतच्या ओळी, एवढं सगळं सांगेल. त्या ओळींत काय गोंधळ घातलाय ते मात्र तुमचं तुम्ही वाचा.

"आणि का घातलाय, तेही नाही सांगत," मी म्हटलं आणि रात्री दोनपर्यंत ज्यानं जागवलं ते शेवटी बाहेर आलं. 'धान'च्या स्थिर किमती विचारल्या तर तीन सापडल्या. उतारा-कच्चा 67. उतारा-उसना 68. ओलावा-कमाल 17. बाजूला एक अक्षर लिहिलेलं नाही. "आता हे आकडे त्यानं कुठून आणले?"

काकू माझ्याकडे अशा बघत राहिल्या जसं मी कांदा कसा कापायचा ते विचारलं.

"तुह्या काकानं जन्म मिलमध्ये काढला अन् तू मले हे विचारते? सरकारचं धान भराडलं का क्विंटलमागे तांदूळ परत द्यावा लागते. कच्चा असला त 67 किलो, उसना असला त 68. अन् सतरा म्हणजे ओलाव्याचे टक्के. त्याच्याहून ओलं धान खरेदीवाले घेत नाही, मंग पणन महासंघ असो का आदिवासी विकास महामंडळ."

"उसन्याला एक किलो जास्त का पण?"

"उसनं का करते थे सांग आधी. धान भिजवते, वाफ देते, वाळवते. दाणा पक्का होते. भराडताना तुटत नाही, कनकी कमी पडते. कच्च्यात कनकी जास्त. म्हणून."

मी धावत आत गेले आणि ते तिथल्या तिथे क्लासच्या डोक्यावर लिहून ठेवलं. पीएचपीत दोन तारांकनांनी सुरू होणारी टीप लिहिली की ती रिफ्लेक्शनला वाचता येते, गेट-डॉक-कमेंट म्हणून. म्हणजे उद्या दुसरा कोणी 'धान'ची चौकशी करेल तर त्याला आकड्यासोबत काकूंचं कारणही मिळेल. यात एक खोच आहे. पीएचपीचा वाचलेला प्रोग्राम साठवून ठेवणारं ओपीकॅश असतं, त्यात टिपा ठेवायचं बटण असतं, सेव्ह-कमेंट्स. जागा वाचवायला कोणी ते बंद केलं की रिफ्लेक्शन म्हणणार, टीप नाही. आणि जुन्या साधनांपैकी काही त्या टिपांवरच चालायची, म्हणून ती अडून बसायची. नोव्हेंबर 2020 मध्ये पीएचपी 8 आलं, त्यात यासाठी ॲट्रिब्यूट आले. ते टिपेत न लिहिता भाषेतच लिहितात, त्यामुळे असे गळून पडत नाहीत. पण काकूंचं कारण ॲट्रिब्यूटमध्ये बसत नाही. त्याला टीपच हवी.

बाहेर आले तर गुरुजी निघून गेले होते आणि काकू परडी घेऊन तशाच उभ्या. "झालं का सारं?"

"नाही जी. सगळ्यात वाईट राहिलंय." 'व्यवहार' क्लासची कामं विचारली तर सात-आठच सांगतो. पण पानांवर त्याच्याकडून 'घटवजा' नावाचं काम करून घेतलंय, 'शिल्लकजोड' करून घेतलंय. विचारावं तर म्हणतो, असलं काम मला येत नाही. हॅज-मेथड म्हटलं की सरळ नाही. पण साइट चालते! कारण त्या मुलानं आत एक जादूची मेथड ठेवली आहे, अंडरस्कोअर-अंडरस्कोअर-कॉल. जे काम यादीत नाही ते कोणी मागितलं की ती मध्ये पडते आणि तयार करून देते. त्यामुळे रिफ्लेक्शनला ती कामं दिसतच नाहीत. आणि कोणी इज-कॉलेबल विचारलं तर कसल्याही बाहेरच्या नावाला हो म्हणते. 'लाडूवाट' विचारलं तरी हो.

"मंग तयार कशावरून करते?"

"डेटाबेसमधल्या एका तक्त्यावरून. त्यात सूत्रं आहेत, आणि सूत्रांत एकेक अक्षर. ब, ह आणि क-2."

"ब म्हणजे बारदाना. ह म्हणजे हमाली, दुसरं का असणार?"

"ते माझ्याही लक्षात आलं. क-2?"

काकू थांबल्या. कनकी असेल तर कनकी-एक कुठे आहे? कोंडा म्हणावा तर तो वेगळ्या ओळीत येतो. कट्टा म्हणावं तर तो ब मध्ये गेला. दोघींनी पाचएक शब्द लावून बघितले, एकही बसेना. "थो पोट्टाच सांगन," काकू शेवटी म्हणाल्या.

"तो फोन उचलत नाही जी. मेसेज टाकले, मेल टाकले."

"तुहा नाही उचलत." काकूंनी पदराआडून मोबाइल काढला. "त्याची माय आमच्या भिशीत आहे. येत्या सोमवारी नंबरही तिचाच आहे." आणि मी काही म्हणायच्या आत फोन कानाला. "हॅलो, हो मीच. काही नाही, अशीच. म्हटलं, पोराचं जमलं म्हणे पुण्यात? नाही? बरं, बरं. मंग त्याले सांगजा, आमच्या बाजूच्या सूनबाईले आजच फोन कर म्हणा. काय काम? थे तो तिलेच विचारन. क-दोन म्हणावं, क-दोन. हाव, एवढंच म्हण, थो समजन."